युकुलेले ग्रुप तीन महिन्यांत मरगळतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं सांगते, ओळखीची वाटतात का बघा. पहिल्या रविवारी चौदा माणसं. सहाव्या रविवारी नऊ. दहाव्या रविवारी पाच, आणि त्यातला एक निव्वळ चहासाठी आलेला. शनिवारी रात्री व्हॉट्सअपवर निरोपांची रांग लागते, "उद्या जमणार नाही, पाहुणे आलेत." सांगलीतल्या एकट्या विश्रामबागेत दर रविवारी एवढे पाहुणे उतरतात कुठं, असा प्रश्न मला पडायला लागला तेव्हा कळलं की दुखणं वेगळं आहे.

आमचा युकुलेलेचा, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारीसारख्या वाद्याचा, ग्रुप चार वर्षांचा आहे. विश्रामबागेत एकांच्या घराच्या गच्चीवर जमतो, रविवारी सहा ते साडेसात. बँकेतून निवृत्त झालेल्या काकू आहेत, मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणारे काका आहेत, इंजिनिअरिंगची दोन पोरं आहेत, एक शिक्षिका आणि तिची नववीतली मुलगी आहे. माझं स्वतःचं झेरॉक्सचं दुकान आहे. ते सांगायचं कारण पुढे येईल. या चार वर्षांत हा मरगळीचा ताप आम्हाला पाच वेळा आला. १८४३ साली ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं, तिथं तालमीला माणसं टिकत नाहीत म्हणायचं म्हणजे जरा लाजच.

पहिल्या तीन वेळी मी एकच औषध दिलं: नवीन गाणी. कंटाळा आला म्हणतात ना, मग द्या नवीन. झेरॉक्स मशीन घरचंच, त्यामुळे दर आठवड्याला चौदा प्रती, पिना मारून, वर कॉर्डची, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुळणीची, चित्रं. वर्षभरात फाइलमध्ये बासष्ट गाणी जमली आणि कागद न बघता सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवता येईल असं त्यात एकही नव्हतं. नव्या गाण्याने दोन रविवार तरतरी यायची, तिसऱ्या रविवारी आधीपेक्षा कमी माणसं. कारण साधं होतं. जो मागे पडत होता तो आता बासष्ट गाण्यांनी मागे पडला होता.

डोळे उघडले ते शेजारच्या हरिपूरला. माझे चुलत सासरे तिथल्या भजनी मंडळात आहेत. एका एकादशीला संगमेश्वराच्या देवळात त्यांचं भजन होतं, मी मागे भिंतीला टेकून बसले होते. तेच अभंग. मी लग्न होऊन आले तेव्हाही हेच होते. पखवाज एकाकडे, पेटी एकाकडे, वीणा गळ्यात घालून एक उभा, आणि बाकी सगळे टाळकरी. त्यातले एक आजोबा तीस-पस्तीस वर्षं टाळच वाजवतायत. त्यांना आजवर कुणी म्हटलं नाही की अजून तुमची पेटी शिकून झाली नाही का. आणि ते एकही एकादशी चुकवत नाहीत.

घरी येताना स्कूटरवर मला आमचा घोटाळा दिसला. आमच्याकडे चौदा माणसं, चौदा वाद्यं आणि काम एकच. सगळ्यांनी एकाच वेळी तेच कॉर्ड, तोच हात, तोच वेग. ज्याला येतं तो कंटाळतो, ज्याला येत नाही तो शरमतो, आणि दोघांनाही पाहुणे येतात.

तरी एकदम तिथं उडी मारू नका. आधी दोन गोष्टी तपासा, कारण त्या स्वस्त आहेत आणि त्या बिघडलेल्या असतील तर पुढचं काहीच लागू पडत नाही.

सूर

बेसूर घोळक्यात माणूस तीन रविवार बसतो, चौथ्याला येत नाही. आपण का जात नाही हे त्याचं त्यालाही नीट सांगता येत नाही. कानाला मात्र कळलेलं असतं.

मोबाइलवरचं ट्यूनर घरी एकट्याने वापरायला ठीक आहे. ते माइकमधून ऐकतं, म्हणजे शेजारच्या तेरा जणांचंही ऐकतं, आणि काटा वेड्यासारखा हलत राहतो. वाद्याच्या डोक्याला लावायचं चिमट्याचं ट्यूनर लाकडाचं कंपन पकडतं, त्याला बाहेरच्या गोंगाटाशी घेणं नसतं. आम्ही वर्गणी काढून असे तीन घेतले आणि जिन्यात ठेवले. गच्चीवर येण्याआधी जिन्यातच वाद्य लावायचं, वर आल्यावर खुंट्यांना हात लावायचा नाही. आधी आमची पहिली पंधरा मिनिटं टुंग टुंग करण्यात जायची. सहाला बरोब्बर येणाऱ्या माणसाची ती शिक्षाच होती.

तारा नायलॉनच्या किंवा तशाच कृत्रिम धाग्याच्या असतात, त्यामुळे नव्या तारा पहिला आठवडा-दोन आठवडे ताणत राहतात. त्यात बिघाड काही नाही. प्रत्येक तार बाराव्या पडद्याजवळ (वाद्याच्या मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीजवळ) चिमटीत धरून हलकेच वर ओढायची, परत लावायची, असं पाच-सहा वेळा केलं की लवकर बसते. आणि सुरापर्यंत नेहमी खालून चढत जायचं. सूर वर गेला असेल तर तार पुरती सैल करून पुन्हा चढवायची, म्हणजे खुंटी घसरत नाही.

ट्यूनर हिरवा दिवा दाखवतंय आणि तरी कॉर्ड आंबट लागतोय, असं असेल तर आधी मोकळी तार बघा, मग तीच तार पहिल्या पडद्यावर दाबून बघा. मोकळी बरोबर आणि दाबलेली चढी येत असेल तर तुमच्या वाद्याच्या डोक्याजवळच्या पट्टीतल्या खाचा उथळ आहेत. तार उंचावर राहते, दाबताना जास्त ताणली जाते, सूर चढतो. स्वस्तातल्या सोप्रानोत, म्हणजे सगळ्यात लहान आकाराच्या युकुलेलेत, हे हमखास. बोटंही दुखतात, आणि बिचारा नवखा समजतो आपलीच बोटं कच्ची. माझं वाद्य मी मिरजेला सतारमेकर गल्लीत नेलं. ज्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या कारागिराला हे खेळणं दाखवायचं म्हणजे मला संकोच वाटत होता. त्यांनी हातात घेऊन उलटंपालटं केलं, चार तारा छेडल्या, म्हणाले, "ताई, ह्याला जवारी न्हाई काय न्हाई. खाचा तेवढ्या खोल करून देतो, बसा." बारीक कानस, दहा मिनिटं. त्या दिवसापासून एफ कॉर्ड एफसारखा वाजतो.

आता सगळ्यात फसवा प्रकार. तीन रविवार आम्ही चौदाच्या चौदा वाद्यं पुन्हा पुन्हा लावत होतो, तरी गाणं सुरू झालं की काहीतरी किरकिर. एकमेकांकडे संशयाने बघणं सुरू झालं. शेवटी त्या नववीतल्या मुलीने काकूंच्या पेटीच्या पांढरी एकसमोर, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुरासमोर, ट्यूनर धरलं. पेटीच चढी! काकूंच्या माहेरची जुनी पेटी, तिचे सूर ट्यूनरच्या ४४० च्या (ए सुराच्या प्रमाण कंपनसंख्येच्या) हिशेबात बसत नव्हते. पेटीचे सूर रविवारच्या रविवार बदलता येत नाहीत, तारा बदलता येतात. बऱ्याच ट्यूनरवर ४४० चा आकडा पुढेमागे करायचं बटण असतं. आम्ही तो पेटीशी जुळेपर्यंत वर नेला आणि त्या आकड्यावर सगळ्यांनी लावलं. किरकिर संपली. काकूंना कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या रविवारी त्या सगळ्यांसाठी शंकरपाळ्या घेऊन आल्या.

एप्रिल-मेमध्ये वाद्य स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका, एवढं वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण एकांच्या वाद्याचा तारा बांधलेला पूल गाडीतच उखडून आला. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलची पुडी. आणि गावभागातल्या आमच्या दोघी-तिघी वाद्य जमिनीवर ठेवतच नाहीत, माळ्यावर ठेवतात. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ज्यांनी पाहिला त्यांना कारण विचारू नये.

पट्टी

सूर बरोबर आहे, तरी निम्मी माणसं गात नाहीत, नुसतेच ओठ हलतात. मग पट्टी, म्हणजे गाणं कोणत्या सुराला सा धरून गायचं ते, तपासा.

युकुलेलेवर सगळ्यात सोपे कॉर्ड सी च्या घरातले: सी, ए मायनर, एफ, जी. म्हणून आम्ही सगळंच सी मध्ये वाजवायचो. सी म्हणजे पांढरी एक. आता पांढरी एकमध्ये गाताना आमच्या बायकांचं काय व्हायचं? अस्ताई कशीबशी निभायची आणि अंतऱ्याला आवाज फाटायचा. खालच्या सप्तकात उतरावं तर आवाजच निघत नाही. काकूंनी वर्षभर काही सांगितलं नाही. एक दिवस नुसतं म्हणाल्या, "अंतऱ्याला गळा दाटतो गं." त्या रेडिओवर भावगीतं ऐकत मोठ्या झालेल्या बाई, त्यांची पट्टी काळी चार.

उपाय कॅपोचा, म्हणजे सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणाऱ्या चिमट्याचा. पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सी चे आकार, म्हणजे बोटांची सी ची ठेवण, धरले की झाली काळी एक. दुसऱ्यावर लावला की पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन. काळी चार हवी तर कॅपो पहिल्यावर आणि आकार जी च्या घरातले: जी, सी, डी, ई मायनर. काळी पाच हवी तर कॅपो तिथंच, आकार ए चे. एवढं पाठ झालं की पेटीवाल्यांच्या भाषेत बोलता येतं आणि गाणाऱ्याला ट्रान्सपोजचं गणित समजावत बसावं लागत नाही. कॅपो लावल्यावर तारा थोड्या चढतात, एकदा तपासून घ्या.

आता आमच्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पट्टी लिहिलेली असते, तीही दोन, एक काकूंच्या गळ्याची आणि एक काकांच्या. एका रविवारी हिची, पुढच्या रविवारी त्याची. गाणं तेच, पट्टी बदलली की हात नवीन. यात एकाही कागदाची भर पडत नाही.

एक गाणं, चार कामं

हे खरं औषध. म्हणून इथं जरा थांबते.

आधी युकुलेलेचा एक स्वभाव लक्षात घ्या. तारा नाकाकडून पायाकडे जी, सी, ई, ए. पण नाकाकडची जी तार जाड सुराची नाही, ती दुसऱ्या तारेपेक्षा उंच आहे. सगळ्यात खालचा सूर सी, आणि तो पेटीच्या मध्य सप्तकातलाच. म्हणजे या वाद्याला खर्जच नाही. एकट्याने वाजवताना तीच त्याची गंमत, पण चौदा जणांनी एकदम तेच कॉर्ड धरून खरडलं की मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं होतं. शब्दच ऐकू येत नाहीत. १८७९ मध्ये मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजुरांचं जहाज होनोलुलूला लागलं, उसाच्या मळ्यात काम करायला आलेली माणसं. त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या गिटारींतून हे वाद्य तिथं घडलं. हे ऐकल्यावर आमच्या काकांचा चेहरा खुलला होता. "म्हंजे ऊसवाल्यांचंच वाद्य की!"

तर चार कामं अशी वाटायची.

पहिलं काम समेचं. कॉर्ड धरायचा आणि फक्त समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकदा हात मारायचा, पुढच्या समेपर्यंत तार घुमू द्यायची. नवखा माणूस हे पहिल्या दिवशी करू शकतो. सात मात्रांचा वेळ असतो बोटं बदलायला.

दुसरं काम ठेक्याचं, म्हणजे नेहमीचं स्ट्रमिंग, तारांवरून हात खाली-वर फिरवणं. हे तिघा-चौघांनाच द्या, जास्त नको.

तिसरं काम सुराचं. गाण्याची चाल एकेका तारेवर वाजवायची. इथं आपल्या रागांनी माझ्यावर उपकार केले. जरा बघा: सी ला सा धरलं तर मोकळ्या चार तारा होतात प, सा, ग, ध. चारही भूप रागाचे सूर! उरतो एक रे, तो सी तारेवर दुसऱ्या पडद्यावर. पूर्ण आरोह हवा तर सी मोकळी सा, तीच दुसऱ्या पडद्यावर रे, ई मोकळी ग, तीच तिसऱ्यावर प, ए मोकळी ध, तीच तिसऱ्यावर वरचा सा. एक मोकळी, एक दाबलेली, एक मोकळी, एक दाबलेली. तीन पडद्यांच्या आत अख्खा भूप. हे मी गच्चीवर पहिल्यांदा दाखवलं तेव्हा काकूंनी, ज्यांना दीड वर्षात डी कॉर्ड नीट धरता आला नव्हता, दहा मिनिटांत भूपातली एक भूपाळी अख्खी काढली. लहानपणी गाणं शिकल्या होत्या त्या. सूर कानात होतेच, बोटाला फक्त जागा सापडली. त्या दिवशी साडेसातला कुणी उठलं नाही.

भूपातल्या चालीखाली कॉर्ड धरताना एक सांभाळा. एफ मध्ये म येतो, जी मध्ये नी येतो, आणि भूपात दोन्ही वर्ज्य. कान तयार असलेल्या माणसाला ते लगेच खुपतं. आकार तीनच ठेवा: सी, म्हणजे ए तारेवर तिसरा पडदा. ए मायनर, म्हणजे जी तारेवर दुसरा. आणि तिसरा आकार जी कॉर्डचाच, पण ए तारेवरचं बोट उचललेला: सी तारेवर दुसरा, ई तारेवर तिसरा, बाकी मोकळ्या. त्यातून प, रे, प, ध येतात, म्हणजे भूपाबाहेर काही जात नाही. आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही त्याने चारही तारा मोकळ्या वाजवाव्यात, तेही चालतं. तंबोरा समजा.

चौथं काम चापाचं. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत, आणि उजव्याने मारायचं. सूर येत नाही, चक् येतं. टाळ समजा. आमचे हळदवाले काका याच्यात उस्ताद झालेत. त्यांची बोटं जाड, सोप्रानोवर दोन पडद्यांत तीन बोटं मावत नाहीत, कॉर्ड बदलताना त्यांची फार कुचंबणा व्हायची. आता कॉर्ड बदलायचाच नाही. एकदा ते आले नाहीत तर सगळ्यांची लय सुटली, आणि पुढच्या रविवारी ही गोष्ट त्यांना चार जणांनी वेगवेगळी सांगितली. त्यानंतर त्यांनी एकही रविवार चुकवलेला नाही.

खर्जाची उणीव भरायची असेल तर एखाद्याने बॅरिटोन, म्हणजे खालच्या सुराचा मोठा युकुलेले, घ्यावा. त्याच्या तारा गिटारच्या शेवटच्या चार तारांसारख्या, डी, जी, बी, ई, त्यामुळे गिटार वाजवणारं पोरगं लगेच बसतं. आकार मात्र वेगळे, त्याच्यासाठी कागद वेगळा लागतो. किंवा कुणीतरी जी तारेच्या जागी खालच्या सप्तकातली जाड तार चढवावी. आमच्या इंजिनिअरिंगच्या पोरांपैकी एकाने तेच केलं. दुसरा वरच्या जागा वाजवतो. सी कॉर्ड पाच-चार-तीन-तीन (जी, सी, ई, ए तारांवरचे पडदे) असा धरतो, एफ पाच-पाच-पाच-तीन असा. तोच कॉर्ड, पण पोळ्यातून बाहेर पडून वर चमकतो. ब्रिटनमध्ये १९८५ पासून वाजवणारा युकुलेले ऑर्केस्ट्रा आहे. त्यांचं वादन बघाल तर हेच दिसेल, लहान-मोठी वाद्यं आणि प्रत्येकाकडे वेगळं काम.

कामं दर महिन्याला फिरवायची. पण सक्ती नाही. आमच्या काकांना चापच हवा असतो, मग राहू दे की चापच. हरिपूरचे आजोबा आठवा.

हे सुरू केल्यावर मी नवीन गाणी बंद केली. सहा महिन्यांत फक्त आठ गाणी, कागद न बघता. पोरांनी पहिले दोन महिने तोंडं वाकडी केली. त्यांना सिनेमातली हवी होती, बी मायनर आणि काय काय असलेली. पण एकाच गाण्यात समेपासून वरच्या जागांपर्यंत चार वेळा फिरून आल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की आपल्याला ते गाणं येत नव्हतं. झेरॉक्सचं माझं नुकसान झालं, ते सोडा.

ठेका

गाणं पळतं, किंवा शेवटाला प्रत्येक जण वेगळ्या घरी पोचतो? मग ठेका.

इंटरनेटवरचं सगळ्यात प्रसिद्ध स्ट्रमिंग असं: डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. हे आठ मात्रांत मांडा. पहिलीला डाऊन, दुसरी रिकामी, तिसरी डाऊन, चौथी अप, पाचवी रिकामी, सहावी अप, सातवी डाऊन, आठवी अप. हा हात केरव्यात बरोबर बसतो. धा गे ना ति, न क धि न. आणि मजा अशी की पाचव्या मात्रेला हात तारेला न लागता खाली जातो, आणि केरव्याची खालीही (टाळी न देता हात रिकामा सोडायची मात्रा) पाचवीवरच. यावरून आमच्याकडे पंधरा मिनिटं गोंधळ झाला होता. मी ओरडत होते, "खाली! खाली!" आणि काकू थांबून विचारायच्या, "अगं, हात खाली, का तालातली खाली?" तेव्हापासून हाताला डाऊन-अप आणि तालाला सम-खाली, असा करार आहे.

कॉर्डची नावं आणि बाण लिहून दिले की माणसं कागदात डोकं घालतात. तोंडाने केरवा म्हणायला लावा, हात आपोआप येतो. दादऱ्याला एक डाऊन जोरात, एक डाऊन हळू, एक अप, असं दोनदा. बस्स. ज्याने शाळेत लेझीम खेळलंय त्याच्या अंगात लय असतेच. बोटांची भीती तिला बाहेर येऊ देत नाही.

नवीन माणूस

आला की पहिल्याच दिवशी कॉर्डचा तक्ता हातात देऊ नका. वाद्य नसेल तर ग्रुपचं एक जादा ठेवा. सी चं एक बोट दाखवा आणि म्हणा, "समेवर ये, बाकीच्या वेळी नुसतं ऐक." तो पहिल्याच रविवारी गाण्यात असतो. शेजारी कुणाला बसवायचं हे मात्र विचारपूर्वक ठरवा. सगळ्यात चांगला वाजवणारा नको, सहा महिन्यांपूर्वी आलेला बसवा. त्याला अजून आठवत असतं काय अडतं ते. ई कॉर्ड पहिल्या वर्षात दाखवूच नये असं माझं मत. आमच्याकडे तो कॉर्ड आला की सगळे खरोखरच "ई!" म्हणतात.

कार्यक्रमानंतरचा रविवार

हे आम्हाला चौथ्या वेळी लक्षात आलं. हजेरीच्या वहीत मागे जाऊन बघितलं, तर गळती कार्यक्रमाच्या आधी नसतेच. गणपतीत सोसायटीच्या मांडवात वाजवायचं ठरलं की सगळे येतात, पाहुण्यांसकट. वाजवून झालं, टाळ्या झाल्या, फोटो झाले. पुढच्या रविवारी सात माणसं, त्यापुढच्या रविवारी चार. आंबा उतरला की झाडाखाली कोण थांबतंय?

म्हणून दोन नियम केले. कार्यक्रमाच्या आधीच पुढचं गाणं सुरू झालेलं असलं पाहिजे, अर्धंकच्चं का होईना. आणि कार्यक्रमानंतरच्या रविवारी वाद्य आणायचं नाही. भडंग, कांदा, लिंबू, चहा, आणि कोण कुठं चुकलं याच्या गप्पा. मांडवात मी स्वतः दुसरं गाणं कॅपो न लावताच सुरू केलं होतं. माझी पांढरी एक, बाकी सगळ्यांची काळी एक. त्यावर त्या रविवारी तासभर हसलो. त्या रविवारी बारा जण आले होते, आणि एकाच्याही हातात वाद्य नव्हतं.

वर्षातले जड महिने आधीच धरून चाला. मार्चमध्ये परीक्षा आणि हिशेब, मेमध्ये लग्नं, जुलैमध्ये पाऊस. तेव्हा दर रविवारचा आग्रह नको, पंधरा दिवसांनी जमा. नवरात्रात भोंडला, मग कोजागरी, मग संक्रांतीचं हळदीकुंकू, इथं छोटी छोटी निमित्तं आयती मिळतात. मोठा कार्यक्रम वर्षाला एकच बरा.

किरकोळ

व्हॉट्सअपवर दुसऱ्यांचे व्हिडिओ टाकायला बंदी. पाच वर्षांचं जपानी पोर विजेच्या वेगाने वाजवतंय हे बघून आपल्यात कुणालाही उत्साह येत नाही.

पुढे बसून गाणं सुरू करायची पाळी दर रविवारी वेगळ्याची. मी सलग दोन वर्षं पुढे बसले, ती चूक होती. ज्या रविवारी मी आजारी त्या रविवारी ग्रुपही आजारी. आता पाळी ज्याची त्याने गाणं निवडायचं, पट्टी सांगायची आणि कुठं थांबायचं ते ठरवायचं. शिक्षिकेच्या मुलीची पाळी असते तेव्हा आम्ही सगळे फार शिस्तीत असतो.

फी घेऊ नका. फी घेतली की क्लास होतो, क्लास झाला की हजेरी लागते, हजेरी लागली की पाहुणे येतात. चहाचा डबा ठेवा, ज्याला वाटेल त्याने टाकावेत. तारांचा आणि ट्यूनरच्या सेलचा खर्च त्यातून निघतो.

एक बिघाड मात्र चार वर्षांत दुरुस्त झालेला नाही. ऑगस्टनंतर साडेसहा वाजले की गच्चीवर डास उठतात, आणि या वाद्यात दोन्ही हात अडकलेले. चापवाले काका तेवढे सुखी, ते चापाच्या लयीत डास मारतात. बाकीच्यांसाठी सध्या कडुलिंबाचा धूर आणि दोन टेबलफॅन चालू आहेत, पण फॅनने कागद उडतात. त्यामुळे उरलेली गाणीही पाठ व्हायला लागली आहेत.